छर्‍याचं वजन आणि हाताचं वजन

आधीच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण धुळ्याला कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे या अंकाच्या मराठी विभागात लिहायचं म्हटल्यावर आमच्या अख्ख्या विंगमध्ये हशा पिकला. माझं मराठी बोलायला ठीक, लिहायला कच्चं आणि आकडे म्हणाल तर देवाच्या भरवशावर! एकोणसाठ म्हणजे ५९ की ६९ हे ठरवायला मला अजूनही दोन सेकंद लागतात. ही गोष्ट मी उगाच सांगत नाहीये. पुढे या लेखात तिचं फार मोठं काम आहे.

लेखाचा विषय साधा आहे. एअरगनच्या छर्‍यांची वजनं सारखी नसतील तर नेम चुकतो का? चुकत असेल तर किती, आणि किती अंतरावर? हा प्रश्न मला पुस्तक वाचून पडला नाही. तो भांडणातून पडला, आणि भांडण माझ्याच रूममधलं होतं.

भांडण

बंदूक मी पहिल्यांदा हातात घेतली ती धुळ्याला, पांझरेच्या काठी एकवीरा देवीच्या यात्रेत. फुगेवाल्याच्या पाटीसमोर. वय नऊ. दहातले सात फुगे फोडले आणि तेव्हापासून आपण जन्मजात नेमबाज आहोत असा माझा समज झाला. कॉलेजात आल्यावर जिमखान्याच्या सरांनी १० मीटर रायफलच्या प्रॅक्टिसला घेतलं. माझी रूममेटही आली. ती शिंदखेडा तालुक्यातली, घरी कापसाची शेती. तिने आयुष्यात यात्रेतली बंदूकसुद्धा धरली नव्हती.

गेल्या डिसेंबरमध्ये आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी सिलेक्शन ट्रायल झाली. ४० शॉट, ४०० पैकी गुण. आम्ही दोघींनी पैसे घालून चांगल्या मॅच छर्‍यांची एक डबी घेतली होती. तिसर्‍या जागेला तिला ३१५ पडले, मला ३११. चार गुणांनी माझी जागा गेली. संध्याकाळी डबी बघते तर काय, चकचकीत छर्‍यांमध्ये काही मळकट, काळपट छर्रे! विचारलं तर ती अगदी सहज म्हणाली, "प्रॅक्टिसमध्ये कमी पडले म्हणून माझ्या डबीतले साठेक टाकले. त्यात काय एवढं?" तिची डबी म्हणजे साधी, स्वस्तातली.

माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "तुला कुठले चांगले ते माहीत होतं. तू चांगले वेचून घेतलेस आणि मला भंगार ठेवलंस." त्यावर ती अहिराणीत फटकन म्हणाली, "छर्राले काय दोष देस? तुना हात हालस!" सगळी विंग हसली. मी रडले, आणि दुसर्‍या दिवशी सकाळी सरांकडे जाऊन तक्रार केली.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "तू हिच्यावर लबाडीचा आरोप करते आहेस. लहान गोष्ट नाही ही. तू थर्ड इयर मेकॅनिकल ना? मेट्रॉलॉजी शिकलीस, स्टॅटिस्टिक्स शिकलीस. आठ दिवस यादी मी थांबवतो. छर्‍यांमुळे चार गुण जाऊ शकतात हे मला मोजून दाखव. दाखवलंस तर ट्रायल परत घेऊ. नाही दाखवता आलं तर काय करायचं ते तुझं तू ठरव."

रूमवर आल्यावर रूममेटने एक शब्द न बोलता आपली स्वस्त डबी माझ्या टेबलावर ठेवली. पुढचे आठ दिवस आम्ही बोललो नाही. एकाच बादलीने पाणी भरायचं आणि बोलायचं नाही, हे किती कठीण असतं ते होस्टेलवाल्यांना सांगायला नको!

छर्रा म्हणजे काय?

ज्यांनी छर्रा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅचचा छर्रा शिशाचा असतो, व्यास ४.५ मिलिमीटर, वजन साधारण अर्धा ग्रॅम. आकार थेट शंकराच्या डमरूसारखा. मध्ये कंबर बारीक, पुढे डोकं, मागे पोकळ घेर. डोकं सपाट असतं, त्यामुळे कागदावर पंचिंग मशीनने पाडावं तसं स्वच्छ गोल छिद्र पडतं आणि गुण मोजायला सोपं जातं. मागचा घेर पातळ असतो. हवेच्या दाबाने तो फुलतो आणि नळीच्या आतल्या आट्यांना घट्ट बसतो, म्हणजे हवा बाजूने निसटत नाही. आट्यांमुळे छर्‍याला गिरकी मिळते आणि तो भोवर्‍यासारखा स्थिर राहतो.

आता टार्गेट. १० मीटर रायफलच्या टार्गेटवर १० गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो! त्याच्या बाहेर प्रत्येक वर्तुळाची त्रिज्या २.५ मिलिमीटरने वाढते. छर्‍याची कड जरी वर्तुळाला लागली तरी तो गुण मिळतो. म्हणजे छर्‍याचा मध्य केंद्रापासून २.५ मिलिमीटरच्या आत असला की १०, पाचच्या आत असला की ९, साडेसातच्या आत ८. हा अडीच मिलिमीटरचा आकडा लक्षात ठेवा. आपला सगळा न्याय याच फूटपट्टीने होणार आहे.

वजनाचं गणित

मी आधी कागदावर गणित मांडलं. आमच्या मॅच रायफलमध्ये दाबून भरलेली हवा असते. प्रत्येक शॉटला ती छर्‍याला जवळपास तेवढीच ऊर्जा देते. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटर वेगाने सुटला तर ही ऊर्जा सुमारे ७.७ ज्यूल येते. ऊर्जा तेवढीच आणि छर्रा जड, तर वेग कमी. वेग कमी म्हणजे पोहोचायला वेळ जास्त. वेळ जास्त म्हणजे गुरुत्वाकर्षणाला खाली ओढायला सवड जास्त. म्हणून जड छर्रा जरा खाली लागतो, हलका जरा वर. बारावीच्या फिजिक्सचीच दोन सूत्रं जोडली की हे मिळतं:

घसरण = (गुरुत्व त्वरण × अंतराचा वर्ग × छर्‍याचं वस्तुमान) ÷ (४ × ऊर्जा)

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, घसरण वस्तुमानाच्या सम प्रमाणात आहे. छर्रा १ टक्का जड, तर घसरण १ टक्का जास्त. दुसरी, घसरण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात आहे. अंतर दुप्पट, तर घसरण चौपट. आकडे घालून पाहिलं:

१० मीटरवर घसरण १७ मिलिमीटर. वजनात १ टक्का फरक असेल तर ०.१७ मिलिमीटर फरक.
२५ मीटरवर घसरण १०६ मिलिमीटर. १ टक्क्याला १.१ मिलिमीटर.
५० मीटरवर घसरण ४२४ मिलिमीटर; १ टक्क्याला ४.२ मिलिमीटर.

यात हवेचा अडथळा धरलेला नाही. तो धरला की छर्‍याला वेळ जास्त लागतो आणि एकूण घसरण वाढते. पण गंमत अशी की जड छर्रा आपला वेग जास्त वेळ टिकवून धरतो. सुरुवातीला मागे पडलेला जड छर्रा वाटेत थोडी भरपाई करतो. त्यामुळे जड-हलक्यातला फरक ५० मीटरवर सूत्र सांगतं त्यापेक्षा जरा कमीच, सुमारे ३ मिलिमीटर येतो. १० आणि २५ मीटरवर सूत्र पुरेसं बरोबर आहे.

इथे बरेच जण गफलत करतात. छर्रा जड की हलका हा मुद्दाच नाही. सगळे छर्रे सारखेच जड असतील तर साइटचे दोन क्लिक फिरवले की काम झालं. त्रास होतो तो वजन कमी-जास्त असल्याने. म्हणजे सरासरी सुधारता येते, पसारा सुधारता येत नाही. स्टॅटिस्टिक्सच्या सरांनी स्टँडर्ड डेव्हिएशन का शिकवलं ते मला त्या रात्री कळलं, परीक्षेनंतर बरोबर दीड वर्षाने!

यात्रेतल्या फुग्यांचंही कोडं इथेच सुटलं. तीन मीटरवर घसरण दीड मिलिमीटर, आणि फुगा वीतभर रुंद. तिथे छर्रा कसाही असला तरी फुगा फुटणारच. माझ्या जन्मजात नेमबाजीची हवा फुग्याच्या आधी गेली.

मामाच्या काट्यावर

आता वजनं मोजायची होती. आमच्या लॅबच्या काट्यावर अर्ध्या ग्रॅमच्या वस्तूतला बारीक फरक दिसत नाही. पण आपण जळगावात आहोत. सोन्याच्या गावात बारीक काट्याला काय तोटा? माझ्या मामाचं सराफ बाजारात छोटंसं दुकान आहे. त्याचा काटा १ मिलिग्रॅम दाखवतो. भोवती काचेची पेटी असते, कारण पंख्याच्या वार्‍यानेसुद्धा आकडा नाचतो.

मामाने छर्रा बोटात धरून बघितला आणि म्हणाला, "हे तर साडेचार गुंजेचं काम आहे." जुन्या हिशोबात ९६ गुंजांचा तोळा, आणि इंग्रजांनी तोळा बसवला १८० ग्रेनचा. छर्‍यांच्या डबीवरही वजन ग्रेनमध्ये लिहितात, आमच्या डबीवर ८.१८ होतं. भागाकार केला तर सुमारे ४.४ गुंजा. मामाचा अंदाज हातानेच! त्याच्या आजोबांच्या काळात खर्‍या गुंजेच्या बिया तराजूत टाकत, लाल आणि डोळ्यापाशी काळ्या. मामा म्हणाला, "बिया सगळ्या सारख्या नसतात गं. म्हणून निवडून ठेवायचे, आणि एकीने कधी तोलायचे नाहीत." म्हणजे पसार्‍याचा प्रश्न सराफांना आमच्या आधीपासून माहीत होता.

शितावरून भाताची परीक्षा करतात, पण एका शितावरून नाही. मी दोन्ही डब्यांमधून न बघता शंभर शंभर छर्रे काढले. आधी एकच छर्रा दहा वेळा तोलून बघितला. आकडा १ मिलिग्रॅमच्या आत फिरत होता, म्हणजे काटा भरवशाचा. मग मामा आकडे वाचणार आणि मी लिहिणार असं ठरलं.

रात्री आलेख काढला आणि मी उडालेच. मॅच डबीच्या आलेखात दोन टेकड्या! एक ५३० च्या जवळ आणि दुसरी थेट ५३९ वर. आणि ५२९ वर एकही नाही. मला आनंद झाला, हो, खरंच झाला. म्हटलं, चांगल्या डबीतसुद्धा जड छर्रे मिसळलेत, आता सिद्ध करते. रात्री साडेअकराला मामाला फोन केला. मामा म्हणाला, "मी पाचशे एकोणचाळीस एकदाही वाचलं नाही. पाचशे एकोणतीस मात्र कैक वेळा वाचलं."

झालं! मामाचं एकोणतीस माझ्या कॉन्व्हेंटच्या कानात शिरून ३९ होऊन कागदावर उतरलं होतं. काटा बरोबर, छर्रे बरोबर, मामा बरोबर. चूक निघाली ती निरीक्षकात. दुसर्‍या दिवशी गुपचूप जाऊन सगळे दोनशे छर्रे परत तोलले. या वेळी आकडे डोळ्यांनी बघून लिहिले.

खरा हिशोब असा निघाला. मॅच डबी: सगळे ५२७ ते ५३३ मिलिग्रॅमच्या आत. स्वस्त डबी: सरासरी ५२९, म्हणजे जवळपास तेवढीच, पण पसारा ५०५ पासून ५५३ पर्यंत. स्टँडर्ड डेव्हिएशन ९ मिलिग्रॅम, म्हणजे १.७ टक्के.

सूत्रात घाला. १० मीटरवर १.७ टक्के म्हणजे ०.३ मिलिमीटर. सगळ्यात हलका आणि सगळ्यात जड यांच्यात दीड मिलिमीटर. २५ मीटरवर तोच फरक साडेनऊ मिलिमीटर होतो. पण आमची ट्रायल १० मीटरवर झाली होती.

शिकंज्यातली बंदूक

गणितावर सर समाधान मानणार नव्हते, आणि खरं सांगायचं तर मीही नाही. सरांच्या परवानगीने आणि त्यांच्या समोरच वर्कशॉपमध्ये लाकडी फिक्श्चर बनवलं. आतून रबर लावलं आणि रायफल त्यात घट्ट बसवली. आता हात हलायचा प्रश्नच नाही. कॉलेजमागच्या लांब शेडमध्ये शेवटी मातीच्या गोण्या रचल्या, मागे भिंत, दार बंद, बाहेर शिपाई काका. (बंदूक होस्टेलवर कधीच येत नाही, ती जिमखान्याच्या कपाटात कुलपात असते. रेक्टर मॅडम हा लेख वाचणार आहेत म्हणून स्पष्ट लिहिते!)

स्वस्त छर्‍यांचे तीन ढीग केले: हलके, मधले आणि जड, प्रत्येकी दहा. हलक्यांची सरासरी ५१४, जडांची ५४५. फरक ३१ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ६ टक्के. सूत्राप्रमाणे १० मीटरवर दोन्ही ढिगांच्या मध्यांत १ मिलिमीटर आणि २५ मीटरवर सुमारे ६ मिलिमीटर अंतर पडायला हवं.

२५ मीटरवर ते डोळ्याला दिसलं. जडांचा पुंजका हलक्यांच्या खाली, साधारण ५ मिलिमीटर. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. पण १० मीटरवर? भिंगातून बघितलं, व्हर्नियरने मोजलं. फरक असलाच तर मिलिमीटरभर, आणि तोही इतर विखुरण्यात हरवून गेलेला.

हे इतर विखुरणं कसलं? दहा मॅच छर्‍यांनी १० मीटरवर मिळून एकच छिद्र पाडलं, ६ मिलिमीटरचं. स्वस्त छर्‍यांनी पाडलं १० मिलिमीटरचं. छर्‍याचा स्वतःचा ४.५ मिलिमीटर व्यास वजा केला तर मध्यांचा पसारा मॅचचा दीड आणि स्वस्तचा साडेपाच. आणि गंमत म्हणजे वजनाने निवडलेल्या मधल्या ढिगाचाही पसारा जवळपास तेवढाच राहिला! म्हणजे स्वस्त छर्‍यात खोट आहे, पण ती मुख्यतः वजनात नाही. भिंगाखाली पाहिलं तेव्हा कळलं. काहींचा घेर चेपलेला, काहींच्या डोक्यावर साच्याची रेघ, काही नळीत सैल बसणारे, काही घट्ट. घेर एका बाजूला चेपला की नळीतून सुटताना हवा एका बाजूने आधी निसटते आणि छर्रा तिरका होतो. मामाच्या काट्याला हे कधीच दिसलं नसतं, कारण चेपलेल्या छर्‍याचं वजन तेवढंच भरतं.

चुकांची बेरीज

आता शेवटचा आणि सगळ्यात कडू भाग. ट्रायलमधली माझी ४० टार्गेटं सरांनी जपून ठेवली होती. सगळी छिद्रं एका ट्रेसिंग पेपरवर उतरवली. पसारा निघाला साडेतीस मिलिमीटर. त्यात छर्‍यांचा वाटा जास्तीत जास्त साडेपाच. मग हाताचा वाटा किती? ३०.५ वजा ५.५ बरोबर २५, असं होत नाही. एकमेकींशी संबंध नसलेल्या चुका सरळ बेरजेत येत नाहीत. कधी त्या एकमेकींना छेदतात, कधी जोडतात. त्यांच्या वर्गांची बेरीज होते, पायथागोरससारखी. म्हणून:

३०.५ चा वर्ग ९३०.२५. ५.५ चा वर्ग ३०.२५. वजाबाकी बरोबर ९००. वर्गमूळ ३०.

म्हणजे जगातले सगळ्यात उत्तम छर्रे मला दिले असते तरी माझा पसारा ३०.५ वरून ३० वर आला असता. अर्धा मिलिमीटर! आता गुणांत सांगते. माझे शॉट केंद्रापासून सरासरी ७ मिलिमीटर दूर होते. पसारा १.६ टक्के घटला तर हे अंतर ०.१२ मिलिमीटरने कमी होतं. अडीच मिलिमीटरला एक गुण, म्हणजे शॉटमागे ०.०५ गुण. ४० शॉटचे मिळून दोन. तेही माझे सगळे ४० छर्रे स्वस्त असते तर, आणि तिचे सगळे चांगले असते तर. प्रत्यक्षात डबीत मळकट छर्रे एक तृतीयांशच होते.

मी हरले होते चार गुणांनी. वाईटात वाईट धरलं तरी छर्रे दोनाच्या वर देऊ शकत नव्हते. यादी बरोबर होती. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आम्हाला कॉन्व्हेंटमध्येही पाठ करून घेतली होती. अंगण किती वाकडं आहे ते मात्र मी पहिल्यांदा मोजलं. होतं वाकडं, पण अर्ध्या मिलिमीटरने.

मग मोठे खेळाडू छर्रे का निवडतात?

हा प्रश्न सरांनीच विचारला. उत्तर त्याच पायथागोरसमध्ये आहे. समजा एखाद्या उत्तम खेळाडूच्या हाताचा पसारा ४ मिलिमीटर आहे. त्याला स्वस्त छर्रे दिले तर १६ अधिक ३०.२५ यांचं वर्गमूळ ६.८ येतं. त्याचा पसारा ४ वरून जवळपास ७ होतो. तो बुडालाच! २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्णपदक घेतलं तेव्हा त्याचा शेवटचा शॉट १०.८ चा होता. दशांशाच्या मोजणीत ०.१ गुण म्हणजे पाव मिलिमीटर. १०.८ म्हणजे छर्‍याचा मध्य केंद्रापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत. तिथे प्रत्येक छर्रा महत्त्वाचा.

आपल्या महाराष्ट्राने या खेळात कमी लोक दिलेले नाहीत. अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचल्या, सुमा शिरूर २००४ मध्ये अथेन्सला. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला याच प्रकारात विश्वविजेता झाला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ घेतलं, पण ते ५० मीटरवर. तिथे एअरगन नसते, .२२ ची काडतुसं असतात. ५० मीटरवर आपल्या नळीला कुठल्या लॉटची काडतुसं मानवतात ते शिकंज्यात लावून तपासूनच घेतात. आपला अंतराचा वर्ग आठवतो ना? अंतर पाचपट, तर घसरणीतला फरक पंचवीसपट!

थोडक्यात काय, ज्याचा हात स्थिर झाला त्यालाच छर्‍याला दोष द्यायचा अधिकार मिळतो. आणि त्याला बहुधा तो द्यावा लागत नाही.

लक्षात ठेवण्यासारखं

ज्युनिअर्ससाठी चार गोष्टी. प्रॅक्टिसला साधे छर्रे खुशाल वापरा, पण चेपलेला घेर दिसला की बाजूला काढा. दोन डब्या मिसळू नका. वजनासाठी नाही, तर नळीत बसण्यातला फरक टाळण्यासाठी. १० मीटरच्या खेळात वजनाचा काटा घेऊन बसण्यापेक्षा तोच तास उभं राहण्याच्या पवित्र्याला द्या. २५ मीटरच्या पुढे गेलात तर मात्र वजन बघाच. आणि छर्रे शिशाचे असतात, म्हणून मेसमध्ये जायच्या आधी साबणाने हात धुवा. भरीत-भाकरी हातानेच खायची असते!

शेवट

आठव्या दिवशी मी सरांकडे गेले. ट्रेसिंग पेपर, आलेख आणि हिशोब टेबलावर ठेवला. सरांनी शेवटचं पान दोनदा वाचलं आणि विचारलं, "मग आता तू काय ठरवलंस?" मी म्हणाले, "तक्रार परत घेते सर. यादी लावा." सरांनी त्यावर सही करायला पेन दिलं.

रूमवर आले तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. मी हिशोबाचं पान तिच्या पुढे धरलं. तिने सगळं वाचलं. वर्गमुळापाशी थांबून बोटाने परत तपासलं, कारण ती माझ्यापेक्षा मॅथ्समध्ये हुशार आहे. मी सॉरी म्हणाले. इंग्रजीत म्हणाले, कारण मराठीत "मला माफ कर" म्हणायला धीर होईना. मग तेही म्हणाले. ती म्हणाली, "हात तीस हालस ना? मी पयलेच सांगं व्हतं." आणि माझी बादली उचलून नळाखाली लावली.

तिच्या स्पर्धेच्या दिवशी पहाटे एरंडोल-पारोळ्याच्या वाटेने धुळ्याला जाणार्‍या एसटीत मीच तिला बसवून दिलं. बॅगेत मामाच्या दुकानातली छोटी प्लास्टिकची डबी होती, अंगठ्या ठेवतात तसली. तिच्यात शंभर मॅच छर्रे होते, भिंगाखाली एकेक बघून निवडलेले. वजन एकाचंही केलं नव्हतं.